मुंबईस गाणे ऐकावयास जाताना



मी राजूरचा. अकोले तालुक्यातले राजूर. भंडारदऱ्याचे धरण पाहावयास अकोल्याकडून जाणाऱ्याला वाटेत आमचे गाव लागते, आणि डांगी जनावरांच्या प्रदर्शनामुळे शेतकरी मंडळींना तर ते चांगलेच ठाऊक आहे. तेव्हा गावाची ओळख एवढी पुरे. माझी स्वतःची ओळख त्याहून थोडी. मी शिक्षक होतो, आता निवृत्त आहे, आणि गावच्या भजनी मंडळात टाळ वाजवितो. देवाने गळा दिला नाही, कान दिला. त्या कानापायी गेली चाळीस वर्षे जमेल तेव्हा मुंबईला गाणे ऐकावयास जात आलो आहे, आणि हे सगळे आधी मास्तराच्या पगारात व पुढे पेन्शनीत बसवीत आलो आहे. ते कसे बसते, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

मुंबईचे गाणे म्हणजे पैसेवाल्यांचे काम, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत असते. ती अगदीच खोटी नाही. मोठ्या सभागृहात पहिल्या रांगेत बसावयाचे म्हटले तर तेवढ्या पैशांत आपल्या घरचा महिन्याचा किराणा येईल. पण ते पैसे खुर्चीचे असतात. त्याच मांडवात मागे सतरंजीवर मांडी घालून बसलेल्याला गवई काही वेगळे गात नाही. शिवाय ज्याला तिकीटच नसते असे कितीतरी गाणे त्या शहरात होत असते. आपण तिथे जाऊन बसत नाही याचे कारण दर वेळी पैसा असतोच असे नाही. माझ्या बाबतीत ते काय होते, ते आधी सांगतो.

१९८६ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. ज्या गवयांचे गाणे मी रेडिओला कान लावून ऐकत आलो होतो, त्यांची बैठक मुंबईत एका सभागृहात होती. वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी आली होती, ती मी कापून वहीत ठेवली. रजा काढली, एस.टी. पकडली आणि संध्याकाळी दारात जाऊन उभा राहिलो. हातात भली मोठी कापडी पिशवी, तीत कपडे, पांघरूण आणि घरून दिलेल्या भाकरी. दारावरच्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले, पिशवीकडे पाहिले आणि म्हणाले, “पिशवी बाहेर ठेवा.” बस्, एवढेच. पण त्यांच्यामागे आत चाललेली मंडळी, त्यांचे इस्त्रीचे कपडे, अत्तराचे वास, हे सगळे पाहून मला ते शब्द निराळेच ऐकू आले. मला वाटले, हे आपल्यालाच बाहेर काढताहेत. मी “बरं” म्हटले आणि वळलो. आतून तंबोरे जुळविल्याचा आवाज येत होता. तो पाठीवर घेऊन मी बसच्या थांब्यावर येऊन उभा राहिलो.

पुढे दोन-तीन वर्षांनी त्या बैठकीला हजर असलेले एक गृहस्थ भेटले. ते म्हणाले, “अहो मास्तर, त्या दिवशी सर्वांना प्रवेश मोकळा होता. पिशव्या ठेवायला शेजारी टेबल मांडलं होतं. मागच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या!” त्यानंतर थोड्याच वर्षांत ते गवई वारले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत, त्या मी ऐकतो. समोर बसून मात्र त्यांना ऐकणे झाले नाही ते नाहीच. दारावरच्या माणसाचा यात काडीचा दोष नव्हता. त्याने पिशवीबद्दल सांगितले आणि मी स्वतःबद्दल समजून घेतले.

तेव्हापासून मी पिशवी लहान केली आणि दारात उभा राहून विचारावयास शिकलो. “प्रवेश सर्वांना आहे का?” एवढा एक प्रश्न विचारावयाचा. नाही म्हणाले तर “तिकीट कमीत कमी कितीचं?” हा दुसरा. या दोन प्रश्नांनी माझे जेवढे पैसे वाचविले तेवढे दुसऱ्या कशाने वाचविले नाहीत.

आता जाण्यायेण्याचे बघू. आमच्याकडून मुंबई गाठावयाची तर रंधा, शेंडी, बारी या रस्त्याने घोटी, तेथून इगतपुरी आणि घाट उतरून कसारा. कसाऱ्याला मुंबईची लोकलगाडी मिळते. कसारा ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे आणि दुसऱ्या वर्गाचे तिकीट आजही पन्नास रुपयांच्या आत आहे. अडीच-पावणेतीन तास लागतात. मुंबईत दोन-तीन दिवस राहून चारी दिशांना हिंडावयाचे असेल तर लोकलगाड्यांसाठी एक, तीन किंवा पाच दिवसांचे पर्यटक तिकीट मिळते. ते एकदा काढले की पश्चिम, मध्य, हार्बर अशा सगळ्या मार्गांवर चालते. खिडकीवर मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही, म्हणून सांगून ठेवतो. एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून भगिनींना अर्धे तिकीट आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे आणि पासष्टच्या पुढे अर्धे तिकीट. तेव्हा म्हाताऱ्यांनी खर्चाची सबब सांगू नये. गुडघ्याची सांगावी, ती मी ऐकेन.

आणि हो, गाणे मुंबईत पोचल्यावर सुरू होते असे समजू नका. सकाळच्या लोकलगाडीत बसलात तर डब्यात भजनी मंडळ असण्याचा पुष्कळ संभव. कामावर जाणारी माणसे. एकाच्या गळ्यात ढोलकी, दोघा-तिघांच्या हाती टाळ, जागा मिळाली नाही तर उभ्यानेच. चाल ज्ञात असेल तर आपणही सूर मिसळावा, कोणी हरकत घेत नाही. डोके दुखते म्हणून तक्रार करणारे प्रवासीही असतात, आणि दिवसभर राबून आलेल्याची तक्रार मी खोटी म्हणणार नाही. पण पहिल्यांदा मुंबईला जाणाऱ्या खेडवळ माणसाला, ज्याला वाटते की आता आपण परमुलखात चाललो, त्याला गाडीतच आपला हरिपाठ ऐकू यावा याने केवढा धीर येतो! मला आला.

मुक्कामाचे फार बोलत नाही. आपल्या गावचे कोणी ना कोणी कल्याणला, ठाण्याला असतेच. एका रात्रीचा पाहुणा कोणाला जड होत नाही. तिसऱ्या रात्री मात्र यजमानाच्या तोंडाकडे पाहावे.

गाणे कुठे ऐकावयाचे? यासाठी मुंबईचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. एके काळी शास्त्रोक्त गाणे राजेरजवाड्यांच्या आश्रयाने राहत असे. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी ते सामान्य माणसापर्यंत नेण्याचा ध्यास घेतला. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ साली मुंबईला आणले. त्याच मुंबईत भातखंडे पंडितांनी रागांची शास्त्रशुद्ध मांडणी केली. पुढे १९२५ साली प्रोफेसर देवधरांनी ऑपेरा हाऊसजवळ आपली संगीतशाळा चालू केली. कुमार गंधर्व तिथेच शिकले. एवढ्या शाळा झाल्या, म्हणजे शिकणारे झाले, आणि शिकणारे झाले म्हणजे आपल्या आळीत एक संगीत मंडळ काढून महिन्याला एक बैठक करणारे झाले. ती परंपरा चालू आहे. या मंडळांचे सभासद वर्गणी भरतात, पण कित्येक बैठका सर्वांना खुल्या असतात. १९५३ साली स्थापन झालेले दादर-माटुंगा कल्चरल सेंटर हे त्यांपैकी एक. ज्या गवयाचे नाव मोठ्या जलशात मोठ्या अक्षरांत छापतात तोच इथे शे-दोनशे माणसांपुढे, हाताच्या अंतरावर बसून गातो.

आषाढात गुरुपौर्णिमा येते. त्या दिवसांत मुंबईतल्या गाण्याच्या जवळजवळ प्रत्येक वर्गाचा कार्यक्रम असतो. सकाळपासून शिष्य गातात, शेवटी गुरुजी गातात. तिकीट नाही; दाराशी चप्पल काढा आणि बसा, वर प्रसाद मिळतो. आपल्याकडे तेव्हा भात लावणीची घाई असते हे मी जाणतो. पण शिक्षक मित्रांनो, तुम्हांला एखादा रविवार साधणे अशक्य नाही. नवशिक्यांचे गाणे ऐकण्यात काय आहे, असे वाटेल. उलट, राग कसा उभा राहतो आणि कुठे कोसळतो हे शिकाऊ गायकाकडूनच कळते. कसलेला गवई तो असा सहज मांडतो की त्यातली खटपट दिसतच नाही.

नरिमन पॉइंटला राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र आहे, त्यालाच लोक एन.सी.पी.ए. म्हणतात. १९६९ साली ते स्थापन झाले. पु. ल. देशपांडे आणि अशोक रानडे यांनी तेथे काम केले, लोकसंगीताची ध्वनिमुद्रणे जमविली. इमारत पाहून पाय अडखळतात, माझेही अडखळले. पण तेथे ‘उमंग’ नावाने तरुण कलावंतांचे कार्यक्रम होत आले आहेत. त्यांना प्रवेशमूल्य नसते, जो आधी येईल त्याला जागा. माहिती काढून अर्धा तास आधी गेले म्हणजे झाले. माघाच्या सुमारास काळा घोड्याचा उत्सव असतो, १९९९ पासूनचा. नऊ दिवस चालतो आणि सगळाच्या सगळा फुकट. तिथे गाण्यापेक्षा गर्दी जास्त, असे माझे मत झाले आहे, पण तरुण शिक्षकांना आवडेल. गणपतीत गिरगावच्या वाड्यांतून हिंडावे. केशवजी नाईकांच्या चाळीतला सार्वजनिक गणपती १८९३ सालचा. अशा मांडवांतून मोठमोठे गवई गाऊन गेले आणि माणसे रस्त्यावर, जिन्यावर, समोरच्या गॅलरीत उभी राहून ऐकत आली. मी पहिले मुंबईचे गाणे ऐकले ते असेच, गल्लीत उभ्याने, पावसाची भुरभुर चालू असताना. गाणाऱ्याचे नाव आजही मला ठाऊक नाही. दुर्गा राग होता एवढे नक्की.

नाट्यसंगीताचा शौक असेल तर सर्वांत वरच्या बाल्कनीचे तिकीट काढावे. शासनाच्या राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून चालू आहेत, त्यांत संगीत नाटकांचीही स्पर्धा असते आणि तिकीट अगदी नाममात्र. माटुंग्याजवळ षण्मुखानंद सभागृह आहे, अडीच हजारांहून जास्त माणसे बसतील एवढे. त्याच्याही वरच्या मजल्यावरच्या पुढच्या रांगेत बसून मला कधी कमी ऐकू आल्याचे स्मरत नाही. चेहरा लहान दिसतो, हे खरे.

एका गोष्टीची मात्र हळहळ वाटते. काळा घोड्यापाशी ‘ऱ्हिदम हाऊस’ नावाचे ध्वनिमुद्रिकांचे दुकान होते. तिथे घेण्याआधी ध्वनिमुद्रिका ऐकण्याची सोय होती. आपली ऐपत एखादी घेण्याची. पण तिच्या आधी चार ऐकल्या तरी कोणी रागे भरत नसे. २०१६ साली ते दुकान बंद झाले. चालू दुकानाचे नाव नभोवाणीवर घेता येत नाही, बंद झालेल्याचे घ्यावयास हरकत नसावी. भीमसेन जोशींची गोष्ट तुम्हांस माहीत असेल. लहानपणी गदगला ते दुकानाबाहेर उभे राहून ध्वनिमुद्रिका ऐकत. तिथेच अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी कानी पडली आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, ते गुरू शोधावयास घरातून निघून गेले. खिशात पैसे नव्हते. आगगाडीत गाणी म्हणत, तिकीट तपासनिसाला गाणे ऐकवीत त्यांनी मुलूख पालथा घातला. स्वस्तात गाणे ऐकण्याचा हा मार्ग मी तुम्हांला सुचवीत नाही. तिकीट काढूनच जावे.

भीमसेनांचे नाव निघाले म्हणून पुण्याचेही सांगतो. सवाई गंधर्व १९५२ साली वारले. त्यांच्या स्मरणार्थ शिष्याने १९५३ पासून महोत्सव चालू केला. तो डिसेंबरात असतो. खुर्चीचे तिकीट महाग असले तरी भारतीय बैठकीचे, म्हणजे खाली बसून ऐकण्याचे, तिकीट पुष्कळ स्वस्त असते. शहरातल्या कित्येकांना आता मांडी घालून चार तास बसणे होत नाही, म्हणून ते स्वस्त. आपल्याला सप्ताहात रात्र रात्र बसण्याची सवय आहे. ही आपली श्रीमंतीच म्हणावयाची!

आता कोणी म्हणेल, “मास्तर, जाऊन बसलो, पण आम्हांला त्यातलं कळणार काय?” ही शंका पिशवीच्या शंकेसारखीच आहे. भजनी मंडळात वाढलेल्या माणसाला निम्मे गाणे आधीच कळत असते. त्याला फक्त ते ठाऊक नसते. आपण भजनात ठेक्यावर टाळी देतो ना? मैफलीत तबलजी ठेका धरतो. विलंबित ख्यालाला बहुधा एकताल असतो, बारा मात्रांचा, आणि इतका संथ की एक आवर्तन पुरे व्हावयास कधीकधी पाऊण मिनिट लागते. गवई आलाप घेत घेत दूर जातो आणि पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, मुखडा घेऊन परत येतो. सम आली की सगळ्या सभागृहाची मान एकदम हलते. प्रथम तेवढेच पाहावे. इतरांच्या माना पाहून दोन-चार आवर्तनांत आपलीही मान वेळेवर हलू लागते. मग आपल्याला वाटू लागते की तो आता येणार, आला, आणि येतो! या आनंदाला रागाचे नाव माहीत असण्याची गरज नाही. भैरवी तर तुम्हांला ओळखता येतेच. आपला रात्रभराचा जागर पहाटे भैरवीने उरकतो. मैफलही भैरवीनेच संपते. कपडे झटकून उठण्याची खूण दोन्हींकडे एकच.

आणि अभंगाचे काय सांगू! भीमसेनांनी ‘संतवाणी’चे कार्यक्रम केले तेव्हा शहरातल्या माणसांनी तिकिटे काढून अभंग ऐकले. आपण ते रोज म्हणतो. मुंबईच्या सभागृहात माझ्या शेजारच्या गृहस्थांनी एकदा अभंगाच्या दुसऱ्या चरणाचा अर्थ मला विचारला. मी तो सांगितला. मध्यंतरात त्यांनी मला चहा पाजला. असेही पैसे वाचतात.

एक गोष्ट मात्र घरी किंवा खेड्यात बसून मिळणे कठीण आहे, ती म्हणजे समोरचा आवाज. मागे २०१९ च्या हिवाळ्यात मी आमच्या गावच्या एका मुलाला बरोबर घेऊन गेलो. नववीत होता. हरिपाठाला मृदंग वाजवी, हात चांगला होता, पण बडवी फार. वडील शेतकरी. मी त्यांना विचारावयास गेलो तर म्हणाले, “गुरुजी, एवढ्या लांब पोरगं नेऊन काय करायचं? गाणं तं फोनात बी ऐकू येतं.”

प्रश्न खोटा नव्हता. खरोखरच आज खिशातल्या फोनात जगातले सगळे गाणे आहे आणि तो मुलगा ते ऐकतही होता. मी त्यांना गाण्याचे काही पटवून दिले नाही. पाटीवर हिशेब मांडला. एस.टी., लोकल, दोन वेळचे खाणे, मुक्काम माझ्या मेहुण्याकडे. दोघांचे मिळून बाराशे रुपयांच्या आत. त्यांतले निम्मे माझे. ते थोडा वेळ पाटीकडे बघत राहिले आणि म्हणाले, “न्या. पण शाळा बुडवू नका.” शनिवारी दुपारी निघालो.

रविवारी पहाटे एके ठिकाणी बैठक होती. अशा पहाटेच्या बैठका मुंबईत होतात, प्रभादेवीला पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत ‘प्रातःस्वर’ नावाची मालाही होत आली आहे, सकाळी साडेसहाला आणि विनामूल्य. पहाटेच्या बैठकीचे महत्त्व असे की, रागांना वेळ असते. ललित, भैरव, तोडी हे सकाळचे राग. कार्यक्रम संध्याकाळी ठेवण्याची रीत पडल्यामुळे ते प्रत्यक्ष ऐकावयास दुर्मीळ झाले. पूर्वी रात्र रात्र मैफली चालत, तेव्हा उजाडताना ते आपोआप येत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनंतर उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो. थोड्या दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. आजाऱ्याला झोप हवी. पण त्यामुळे पहाटेची बैठक मुद्दाम शोधावी लागते.

आम्ही लवकर पोचलो आणि अगदी पुढे, तबल्याच्या बाजूला बसलो. मुलगा तबलजीकडे बघत होता. तबलजी हातोडी घेऊन गठ्ठे ठोकत होता, बोटाने चाट वाजवून बघत होता, पुन्हा ठोकत होता. दहा मिनिटे झाली. मुलगा माझ्या कानाला लागून म्हणाला, “गुरुजी, हे वाजवणार कधी?” मी म्हटले, “गप बस. हेच चाललंय.” मग तंबोऱ्यात तबला असा मिळाला की दोन आवाज निराळे काढता येईनात. गाणे सुरू झाले. बायाँवर तबलजीने मनगट सरकवून घुमारा काढला तेव्हा तो कानाला नव्हे, बसल्या जागी जमिनीतून मांडीला लागला. मुलाने हात सतरंजीवर टेकवला आणि तसाच ठेवला. फोनात हा आवाज येत नाही, येणे शक्य नाही. तेवढासा तो कर्णा, त्यातून खर्ज कुठून निघावा? दोन तास तो मुलगा हलला नाही. एकदाही तबलजीने जोरात वाजविले नाही, हे त्याच्या ध्यानात आले की नाही, मी विचारले नाही.

बैठक संपल्यावर तो उठून सरळ तबलजीपाशी गेला. मी धास्तावलो. १९८६ सालचा माझा मी मला आठवला. पण त्याला त्यातले काही माहीत नव्हते. त्याने विचारले, “आमच्या मृदंगाला धुमेवर कणीक लावतात. तुमच्याला का नाही?” तबलजी हसला, पण थट्टेने नाही. त्याला खाली बसवून घेतले, बायाँवरची शाई दाखविली, हात लावू दिला. म्हणाला, “तुझ्याकडे कणीक ओली असते, तिचा आवाज तसा. माझ्याकडे ही वाळलेली.” पाच-सात मिनिटे ते दोघे बोलत होते. मी पिशवी धरून उभा.

त्यानंतर दादरला पेटी आणि तबला करणाऱ्यांच्या दुकानांवरून हिंडलो. घ्यावयाचे काही नव्हते. पुड्या कशा मढवितात ते काचेतून पाहिले. खाणे म्हणाल तर एक राईस प्लेट दोघांत आणि वर वडापाव.

श्रोतेहो, जाण्याआधीची तयारी थोडीच असते. मराठी वर्तमानपत्रांत आजच्या कार्यक्रमांचे सदर येते, ते महिनाभर पाहत राहावे म्हणजे कोणते मंडळ केव्हा बैठक करते हे ध्यानात येते. शाळेच्या फोनवरून संस्थेला आधी विचारून ठेवावे, कारण कार्यक्रम रद्दही होतात. आकाशवाणीचे स्वतःचे संगीत संमेलन १९५४ साली सुरू झाले. त्यातल्या निमंत्रितांच्या सभांना तिकीट नसते, पास असतो, आणि तो केंद्राकडे मागावा लागतो. शिक्षकांनी शाळेच्या नावाने पत्र पाठविल्यास बरे. राग चालू असताना मध्येच उठू नये, अगदीच उठणे भाग असेल तर एक चीज संपून दुसरी सुरू होण्यापूर्वी उठावे. फोन बंद. आणि परतीची कसाऱ्याची गाडी केव्हा आहे ते उतरतानाच पाहून ठेवावे, कारण कसाऱ्याच्या गाड्या थोड्या, आणि शेवटची चुकली तर सकाळपर्यंत फलाटावर बसावे लागते. मी दोनदा बसलो आहे.

त्या रविवारी आम्हांला गाडी वेळेवर मिळाली. सोमवारी मुलगा शाळेत हजर होता. वडिलांना दिलेला शब्द पाळला. संध्याकाळी हरिपाठाला गेलो तर मंडळी खोळंबलेली. वीणेकरी उभे, टाळकरी उभे, आणि हा खाली बसून मृदंगाचे गठ्ठे ठोकतो आहे. एकदा पुडीवर बोट मारून बघतो, पेटीवाल्याला सूर धरावयास लावतो, पुन्हा ठोकतो. धुमेवरची कणीक काढून त्याने पुन्हा मळून लावली. पाव तास झाला. एक म्हातारेबुवा कुरकुरले, “अरे पोरा, वाजवतोस का आता? का सकाळ करतोस?”

मुलगा मान वर न करता म्हणाला, “थांबा बाबा, अजून लागला नाही.”